हरणीचा मधला पिकअप

कानसकाकांना कानसकाका म्हणायला लागले ते कारखान्यातले लोक, आणि ते नाव इतकं चिकटलं की बायकोसुद्धा लाडात आली की "काय म्हणतेय आज कानस?" असं विचारायची. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. इलेक्ट्रिक गिटारचा दांडा, म्हणजे वाजवणाऱ्याचा डावा हात ज्यावरून वरखाली फिरतो तो लांब भाग, यंत्रातून चौकोनी, ओबडधोबड बाहेर यायचा. काका तो शिकंज्यात धरून कानशीनं गोल करायचे, मग सँडपेपरनं घासायचे, आणि शेवटी डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे. कुठं अर्धा मिलिमीटर जास्त राहिला असेल तर तळहाताला कळायचं. मोजपट्टी त्यांच्या टेबलावर होती, नाही असं नाही, पण ती चहा ढवळायला.

त्या गिटारला कंपनीनं एक रुक्ष नंबर दिला होता. कामगार तिला हरणी म्हणायचे, कारण तिच्या अंगाला वरच्या बाजूला दोन शिंगं होती. हरणीला शिंगं नसतात, असं कुणीतरी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवलं. पण तोवर नाव पडून गेलं होतं, आणि पुढं आठवडाभर लोक त्या शहाण्यालाच हरणी म्हणून हाक मारत होते.

हरणीचा जन्म काकांच्या आधीचा. पहिली हरणी म्हणजे नुसती फळी होती. कडा अशा धारदार की तासभर वाजवलं की बरगडीवर वळ उठायचा. वाजवणाऱ्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या तेव्हा मालकांनी पाठीमागून पोटाच्या जागी लाकूड कोरून काढलं आणि पुढून कोपराखाली उतार दिला. आज लोक त्या वळणांकडं पाहून डोळे मिटतात, उसासे टाकतात. मुळात ती कुणाच्या तरी दुखऱ्या बरगडीची सोय होती. पिकअपही आधी एकच होता, मग दोन झाले, मग तीन. दांडा आधी केरसुणीच्या मुठीएवढा जाड, मग हळूहळू बारीक झाला. आणि तो किती बारीक व्हावा हे ठरवण्यात काकांच्या तळहाताचा वाटा होता, पण ते कुठं लिहिलेलं नाही.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली ती लहानशी लांबट डबी. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे गुंडाळलेली. हरणीचा आवाज म्हणून जो काही आहे तो तिथं जन्मतो. ही तार गुंडाळायला कारखान्यात वेगळी खोली होती आणि त्या खोलीत दहा-बारा बायका ओळीनं बसायच्या. त्यांतल्या एकीनं एके दिवशी काकांच्या टेबलाशी येऊन सगळ्यांत बारीक सँडपेपर मागितला.

"कशाला हवाय?" काकांनी विचारलं.

"नख घासायला. खरखरीत नखात तार अडकते न् तुटते."

काकांनी तुकडा फाडून दिला. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशीही आली. एका माणसाला दहा नखं असतात, रोज रोज ती कशी काय खरखरीत होतात, हा हिशेब काकांना सोडून साऱ्या कारखान्याला सुटला होता. वर्षाच्या आत लग्न झालं. ती आपल्या गोष्टीतली काकू.

लग्नानंतरही काकूनं नवऱ्याला आपल्या तारेला कधी हात लावू दिला नाही. "तुमची बोटं म्हणजे कानशीच झाल्यात," ती म्हणायची. "लाकडाला चालतात. माझी तार तुटलेलीसुद्धा कळायची नाही तुम्हाला." काका हसायचे आणि हात पाठीमागं बांधून तिचं काम बघत उभे राहायचे.

काकूच्या यंत्राचा मोजणीचा काटा मोडलेला होता. फोरमनला तिनं दहादा सांगितलं, त्यानं दहादा मान हलवली. मग ती मनातल्या मनात वेढे मोजायची, आणि मोजताना बारीक आवाजात गुणगुणायची. मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकायचा. मग कमी पडायला नकोत म्हणून ती दोन-तीनशे वेढे जास्तच घालायची. फोरमन तार फुकट घालवते म्हणून सगळ्यांसमोर तिला बोलायचा. पण त्या जास्तीच्या वेढ्यांनी व्हायचं असं की तिच्या हातचा पिकअप जरा भरदार, जरा घशातून गायल्यासारखा वाजायचा.

पिकअप कुणी गुंडाळला हे कळायला एक रीत होती. वेढ्यांची कॉइल पुरी झाली की तिच्यावर कागदी पट्टी गुंडाळायची, आणि पट्टीच्या आतल्या बाजूला शाईनं आपली खूण काढायची. बाहेरच्या बाजूला काढली तर, तार घट्ट बसावी म्हणून कॉइल मेणात बुडवताना ती पुसली जायची. ही खूण काही मानासाठी नव्हती. पिकअप बंद पडून परत आला की फोरमन पट्टी सोडायचा, खूण बघायचा आणि ज्या बाईची असेल तिला धारेवर धरायचा. काकूची खूण होती दोन ठिपके आणि खाली एक वाकडी रेघ. हसरा चेहरा. "शिव्या घालायला उघडेल तेव्हा निदान हसणारं तोंड तरी दिसू दे मेल्याला," असं तिचं म्हणणं.

लेक झाली त्या वर्षी दोघांनी घरासाठी एक हरणी जमवली. अंगाच्या लाकडाला गाठ होती म्हणून ते बाद झालेलं, दांडा काकांनी स्वतःच जास्त घासून बिघडवलेला, पुढचा आणि मागचा पिकअप भंगाराच्या पेटीतला. मधला मात्र काकूनं सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटीनं बसून खास गुंडाळला. रुमालात बांधून घरी आणला आणि फोरमनसारखा आवाज काढत काकांच्या हातात ठेवला: "हा परत आला तर कुणाकडं जायचं, माहितीये ना तुम्हाला?"

काका त्यावर पोट धरून हसले. पुढं कितीदा तरी पाहुण्यांना त्यांनी हा किस्सा ऐकवला, फोरमनच्या आवाजासकट.

मग मालक बदलले. नव्या मालकांना हरणीत लाकूड, रंग, स्क्रू, सगळंच जास्त दिसलं. दांडा चार स्क्रूंवर होता तो तीनवर आला आणि हलायला लागला. लाकूड जड आलं. तार गुंडाळायला मोजून वेढे घालणारी यंत्रं आली आणि बायकांची खोली एका महिन्यात रिकामी झाली. काकू घरी बसली. नवी हरणी दिसायला तीच, पण हातात घेतली की माणसं पुन्हा भिंतीला लावायची आणि विचारायची, जुनी आहे का एखादी?

असे जुनी विचारणारे वाढत गेले आणि त्यांचा पंथच झाला. हरणीचे भक्त. हे लोक पेटी उघडून आधी वास घेतात. स्क्रूच्या डोक्यावरून दोन दोन तास भांडतात. एक जण फार लांबून काकांना भेटायला आला आणि फोटो काढून गेला, काकांचा नव्हे, कानशीचा. शेवटी कंपनीलाही शहाणपण सुचलं आणि तिनं जुनीसारखी नवी हरणी काढली, मुद्दाम झिजवलेली, रंग उडालेली. दांड्यांच्या चौतीस वर्षांनंतर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं काकांना तेच काम होतं: कोऱ्या गिटारला साखळीनं मारायचं, किल्ल्यांनी ओरखडायचं, दांड्यावरचं पॉलिश कुणी तीस वर्षं वाजवल्यासारखं घासून काढायचं. "आयुष्यभर केलं ते निस्तरतोय," असं ते घरी येऊन म्हणायचे. काकू पडल्या पडल्या ऐकायची. तेव्हा ती आजारी होती, आणि त्या आजारातून उठली नाही.

ती गेल्याला आता सतरा वर्षं झाली. काकांना गिटार वाजवता येत नाही. तीन सूर येतात आणि त्यांतला एक चुकीचा. पण रोज संध्याकाळी ते हरणी मांडीवर घ्यायचे, अँप्लिफायरचा डबा चालू करायचे आणि गिटारवरचं बटण मधल्या पिकअपवर सरकवायचे. जुन्या पिकअपला गुणगुणायची खोड असते. तारांना हात न लावताही डब्यातून एक बारीक, सलग सूर येत राहतो. वाजवणाऱ्यांना त्याचा वैताग येतो. काका तो ऐकत अर्धा तास बसायचे आणि मग जेवायला उठायचे. लेकीनं एकदा विचारलं, "बाबा, वाजवत का नाही?" तर म्हणाले, "मोजतेय ती. मध्ये बोलू नये."

अशा माणसानं भक्तांच्या मेळाव्याला जायला नको होतं. पण आमंत्रण आलं, लेकीनं शर्टाला इस्त्री केली आणि ते गेले. मोठ्या सभागृहात दोनशे हरण्या स्टँडवर उभ्या होत्या आणि मंचावर, म्हातारा पण टुणटुणीत, तोच फोरमन बसला होता. तो सांगत होता, "मीच बायकांना म्हणालो, दोन-तीनशे वेढे जास्त घाला, बघा कसा आवाज उघडतो ते. आणि जो पिकअप माझ्या मनासारखा उतरायचा त्याच्यावर मी स्वतः खूण करायचो. दोन ठिपके, एक रेघ." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काका उभे राहिले. "खोटं आहे," म्हणाले. कुणी वळून पाहिलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "खोटं आहे ते. ती खूण माझ्या बायकोची."

सभागृहात कुजबुज झाली. फोरमननं डोळे बारीक करून पाहिलं आणि प्रेमळ हसून म्हणाला, "अरे, आमचा कानस! दांडे फार छान घासायचा हा." पुन्हा टाळ्या. या वेळी काकांसाठी. ते खाली बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण टाळ्या वाजवणाऱ्यांशी भांडायचं कसं हे काकांना कुणी शिकवलं नव्हतं.

चार दिवसांनी त्यांच्या दारात दातांचे एक निवृत्त डॉक्टर येऊन उभे राहिले. हेही भक्तच, मेळाव्यात हजर असलेले, पण मोजूनमापून बोलणारे. बारा वर्षं हरणीवरच्या एका मोठ्या पुस्तकाचं काम करत होते. दात बघायचा छोटा आरसा घेऊन ते गिटारच्या पोटात डोकावायचे. ती हसरी खूण त्यांनी सात गिटारींत पाहिली होती, पिकअप मेले म्हणून उघडले गेले तेव्हा.

"तुमच्यावर माझा अविश्वास नाही," डॉक्टर म्हणाले. "पण फोरमनचाही शब्द आहे, तुमचाही आहे. पुस्तकात मला पुरावा लागतो."

मग त्यांची नजर भिंतीवरच्या हरणीवर गेली. काकांनी किस्सा सांगितला, रुमालासकट. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले.

"म्हणजे हा पिकअप फोरमननं कधी पाहिलेलाच नाही. गुंडाळला काकूंनी, बसवला तुम्ही. यात जर ती खूण निघाली तर प्रश्नच मिटला. खूण काकूंची. मी पान बदलतो. फोटोसकट, नावासकट."

"उघडू आत्ता," काका म्हणाले.

"नको, नको! माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, त्याच्याकडे नेऊ. मेण चाळीस वर्षांचं आहे. मात्र तो महिनाभर इथं नाही आणि पुस्तक येत्या सोमवारी छापायला जातंय. बघू, पुढच्या आवृत्तीत घालू."

पुढची आवृत्ती. काकांनी मान हलवली. त्यांचं वय एकोणऐंशी होतं आणि फोरमनच्या त्या प्रेमळ हसण्यानं चार दिवस त्यांना घास गोड लागला नव्हता.

लेकीनं फोनवर बजावलं, "बाबा, हात लावू नका. आईचं नाव आलं नाही पुस्तकात तर नाही आलं. आपल्याला माहितीये ना?"

"आपल्याला माहीत असून काय उपयोग? आपण दोघंच."

"मी रविवारी येते, मग बोलू. तोवर काही करू नका. शपथ आहे."

रविवारी सकाळी लेक यायच्या आधीच काकांनी स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीशी ओढलं, चादरीची घडी घातली आणि तिच्यावर हरणी उताणी ठेवून आधी तिचं पोट थोपटलं. चौतीस वर्षं या हातांनी काम केलं, एक दांडा मोडला नाही. एक कागदाची पट्टी सोडायची ती काय! तारा उतरवल्या. वरचं झाकण काढलं. मधला पिकअप बाहेर घेतला, तव्यावर फडकं तापवून मेण हळूहळू मऊ केलं, आणि पट्टीचं टोक नखानं उचललं.

पट्टी सुरेख सुटत होती. एक वेढा आला, दुसरा आला. काका श्वास रोखून ओढत होते. बोटांना काहीच अडलं नाही, काहीच लागलं नाही. शेवटचा तुकडा हातात आला तेव्हा उन्हात काहीतरी चमकलं म्हणून त्यांनी चष्मा वर केला. पट्टीला चिकटून तांब्याची तार आली होती. एक नाही, कितीतरी. कॉइलच्या कडेला तुटक्या तारांचा बारीक झुपका उभा राहिला होता आणि त्यांच्या बोटांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

त्यांनी पट्टी उलटी केली. खूण नव्हती.

चष्मा पुसला. पट्टी खिडकीच्या काचेला लावून पाहिली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मेणाचा पिवळा डाग होता, बस्स. शाईचा एक ठिपका नव्हता.

लेक आली तेव्हा ते तसेच खुर्चीत बसले होते. तिनं टेबलाकडं पाहिलं. पर्स ठेवली, चहा केला, वडिलांच्या हातातली पट्टी सोडवून घेऊन कागदात ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर दुपारीच आले. भिंग लावलं, दिवा लावला, पट्टी बराच वेळ पाहिली. मग भिंग मिटून खिशात ठेवलं.

"शाई उडाली असेल," काका म्हणाले.

"बाकी सातांत उडालेली नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "काका, मला फार वाईट वाटतंय. पण आता मला हेही लिहावं लागेल. काकूंनी गुंडाळलेला, फोरमनच्या हाताखालून न गेलेला एकच पिकअप आपल्याला माहीत आहे, आणि त्यात ती खूण नाही. याचा अर्थ काय होतो ते तुम्हालाही..." जाताना दारात म्हणाले, "कॉइल पुन्हा गुंडाळून मिळते. नवी तार घालून. आवाज अगदी जवळपास तसाच येतो." चांगला माणूस होता. चांगल्या माणसांना कुठं गप्प बसावं ते कळत नाही, एवढाच त्यांचा दोष.

ते गेल्यावर लेकीनं विचारलं, "पण बाबा, आईनं खूण घातली का नसेल? प्रत्येकीला घालावीच लागायची म्हणता ना?"

"अगं, ती काय हौसेनं घालायची असते?" काका सवयीनं सांगायला लागले. "पिकअप परत आला की कुणाला धरायचं ते फोरमनला कळावं म्हणून ती. मग तो पट्टी सोडणार, खूण बघणार, आणि ज्या बाईची..."

तिथं ते थांबले. त्यांचा चेहरा असा झाला की लेक उठून जवळ आली.

"हा परत आला तर कुणाकडं जायचं, माहितीये ना तुम्हाला," काका म्हणाले. या वेळी फोरमनच्या आवाजात नाही. "विनोद नव्हता गं तो. सांगत होती ती मला. खूण नाही घातली म्हणून सांगत होती. घरच्याला कशाला खूण? चाळीस वर्षं मी नुसता हसत राहिलो." आणि मग ते रडले, तोंड न झाकता, एवढं वय झालेला माणूस सहसा रडत नाही तसे. भक्तांच्या नादी लागून शिव्या खायच्या खुणेला त्यांनीही सही समजायला सुरुवात केली होती, आणि ती सही शोधायला बायकोचा आवाज फाडून पाहिला होता.

लेकीनं डॉक्टरांना हे फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मी मानतो हो," म्हणाले. "मनापासून मानतो. पण कोऱ्या पट्टीचा फोटो छापून त्याखाली मी काय लिहू?"

पुस्तक तीन महिन्यांनी घरी आलं, जाड, गुळगुळीत, वजनदार. हसऱ्या खुणेला पूर्ण पान दिलेलं, आणि खाली फोरमनचं नाव. शेवटच्या पानावर आभारात एका जुन्या दांडेकारागिराचा आदरानं उल्लेख होता. लेकीनं ते पुस्तक आपल्या घरी नेलं.

मधला पिकअप काकांनी पुन्हा गुंडाळून घेतला नाही. तुटक्या तारांसकट होता तसा जागेवर बसवला, वर झाकण लावलं, तारा चढवल्या. संध्याकाळ झाली की अजूनही ते डबा चालू करतात आणि बटण मधल्या घरात सरकवतात. डब्याची स्वतःची बारीक फुसफुस तेवढी येते, बाकी काही नाही. पिकअप परत आलेला आहे, आणि कुणाकडं जायचं तेही त्यांना माहीत आहे. अर्धा तास ते तसेच बसतात, मग लेकीचा फोन येतो, "जेवलात का?" म्हणून, आणि ते "हो" म्हणतात.